औषधाला स्निग्धतेचा आधार
तूप, चरबी, कोको बटर ते कोकमतेल : गुदवर्ती अर्थात सपोझिटरीचे शास्त्र

तापाने फणफणलेले तान्हे मूल तोंडावाटे दिलेले औषध उलटून टाकते. शस्त्रक्रियेतून नुकत्याच बाहेर आलेल्या रुग्णाला पाण्याचा घोटही घेण्यास मनाई असते. मलेरियाने बेशुद्ध पडलेल्या मुलाला गोळी गिळता येत नाही आणि सुई टोचणारा डॉक्टर काही तासांच्या अंतरावर असतो. अशा वेळी उपयोगी पडणारे, परंतु संकोचामुळे ज्याची फारशी चर्चा होत नाही असे एक औषधरूप म्हणजे सपोझिटरी. मराठीत तिला 'गुदवर्ती' असे नाव आहे. खोलीच्या तापमानाला घट्ट असलेली ही लहानशी वर्ती गुदद्वारातून आत सरकवली की शरीराच्या उष्णतेने वितळते आणि आतील औषध मोकळे होते. ऐकायला हे सोपे वाटते. मात्र तीस अंशांना घट्ट राहणारा आणि सदतीस अंशांना पूर्ण वितळणारा पदार्थ निसर्गात शोधू गेल्यास फार थोडे हाती लागतात. गेली दोनशे-अडीचशे वर्षे औषधनिर्मात्यांनी या शोधात प्राणिजन्य चरबीपासून बियांच्या तेलापर्यंत अनेक स्निग्ध पदार्थ पारखून पाहिले आहेत.

वर्तीत औषध किती, बाकी काय?

प्रौढांसाठीची गुदवर्ती सर्वसाधारणपणे दोन ग्रॅम वजनाची आणि लहान मुलांची एक ग्रॅमची असते. त्यातील प्रत्यक्ष औषध बहुधा काही मिलिग्रॅमपासून काही शे मिलिग्रॅमपर्यंत भरते. उरलेला मोठा भाग असतो तो आधारद्रव्याचा. औषध दुकानदार त्याला नुसते 'बेस' म्हणतात. हे आधारद्रव्य केवळ भरताड नव्हे. औषध किती वेगाने सुटेल, गुदाशयाच्या नाजूक अस्तराला त्रास होईल की नाही, वर्ती प्रवासात टिकेल की नाही, हे सारे त्यावरच ठरते.

चांगल्या आधारद्रव्याकडून अपेक्षाही बऱ्याच असतात. ते खोलीच्या तापमानाला कडक असावे, शरीरात काही मिनिटांत वितळावे, औषधाशी त्याची रासायनिक क्रिया होऊ नये, ते खवट होऊ नये आणि थंड होताना किंचित आकसावे, म्हणजे वर्ती साच्यातून सहज सुटते. या सर्व कसोट्यांना एकाच वेळी उतरणारे द्रव्य आजही नाही. त्यामुळे वर्ती बनवणाऱ्याला प्रत्येक औषधाचा आणि प्रत्येक हवामानाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

प्राचीन परंपरा

औषध या मार्गाने देण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये गुदमार्गे द्यावयाच्या औषधांचा उल्लेख सापडतो. ग्रीक वैद्यकातही अशा वर्ती प्रचारात होत्या.

आयुर्वेदात बस्तीचे स्थान सर्वपरिचित आहे. तिच्या जोडीला 'फलवर्ती' ही संकल्पनाही तितकीच स्पष्ट आहे. मदनफळ, म्हणजे आपल्याकडील गेळफळ, हे फलवर्तीतील प्रमुख द्रव्यांपैकी एक. गूळ, सैंधव यांसारख्या पदार्थांच्या साह्याने वर्ती वळली जाई आणि मलावरोध दूर करण्यासाठी ती योजली जाई. शार्ङ्गधर संहितेत फलवर्ती अंगठ्याएवढी, गुळगुळीत असावी आणि गुदद्वाराला तूप लावून ती आत सरकवावी, असे वर्णन आहे. येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. फलवर्तीत तूप वापरले जाते ते वंगण म्हणून. वर्तीला घट्टपणा येतो तो गुळासारख्या पदार्थामुळे. वर्तीचे अंगच स्निग्ध पदार्थाचे करायचे आणि ते आत वितळू द्यायचे, ही आधुनिक औषधनिर्माणशास्त्राची वाट वेगळी आहे.

प्राणिज चरबीची मर्यादा

युरोपातील औषधकारांच्या हाताशी सुरुवातीला होती ती चरबी. डुकराची चरबी मऊ, स्वस्त आणि मुबलक होती. मेंढीची व गुरांची चरबी अधिक कडक होती. मलमांसाठी या सर्वांचा सर्रास वापर होत असे. चरबी लवकर खवट होऊ नये म्हणून ती लोबानासारख्या सुगंधी डिंकाबरोबर, म्हणजे बेंझोइनबरोबर, तापवून घेत. ही 'बेंझोइनयुक्त चरबी' मेण आणि कोको बटर यांच्याबरोबर एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश फार्माकोपियातील गुदवर्तींमध्येही वापरली जात होती.

तरीही केवळ चरबीची वर्ती समाधानकारक ठरली नाही. याचे कारण चरबीच्या घडणीत आहे. प्रत्येक नैसर्गिक स्निग्ध पदार्थ हा अनेक ट्रायग्लिसराइडांचे मिश्रण असतो. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडली की एक ट्रायग्लिसराइड तयार होते. मेदाम्ले संपृक्त व लांब असतील तर पदार्थ कडक होतो. असंपृक्त असतील तर तो पातळ राहतो. प्राण्यांच्या चरबीत निरनिराळ्या ट्रायग्लिसराइडांची एवढी सरमिसळ असते की ती एका ठरावीक तापमानाला न वितळता अनेक अंशांच्या टप्प्यात हळूहळू मऊ होत जाते. डुकराची चरबी मुंबईच्या उन्हाळ्यात हाताला चिकटू लागते, तर गुरांची व मेंढीची चरबी चाळीस अंशांच्या पुढे वितळते, म्हणजे शरीरात ती घट्टच राहण्याची शक्यता. तुपाचेही तसेच आहे. हिवाळ्यात रवाळ आणि उन्हाळ्यात पातळ होणारे तूप औषधाची चांगली वाहक असू शकते. वर्तीचा आकार मात्र ते धरून ठेवू शकत नाही.

देवमाशाचे योगदानही या इतिहासात आहे. स्पर्म देवमाशाच्या डोक्यातील मेणासारखा पदार्थ, म्हणजे स्पर्मासेटी, मऊ पडणाऱ्या वर्तीला कडकपणा आणण्यासाठी मिसळला जाई. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकारीवर स्थगितीचा निर्णय घेतला. ही स्थगिती १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाली. त्याची जागा आता कृत्रिम सेटिल एस्टर मेणाने घेतली आहे. मधमाश्यांचे मेण मात्र आजही या कामासाठी वापरले जाते.

कोको बटरचे आगमन

खरा बदल घडवला तो चॉकलेटच्या झाडाने. कोकोच्या बियांतील स्निग्ध पदार्थ, म्हणजे कोको बटर किंवा थिओब्रोमा तेल, तीस ते पस्तीस अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. चॉकलेट हातात घट्ट राहते आणि जिभेवर ठेवताच विरघळते, ते याच गुणामुळे. अठराव्या शतकात फ्रेंच औषधशास्त्रज्ञ आंत्वान बोमे यांनी गुदवर्तीसाठी कोको बटर सुचवले. त्यानंतर १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन यांनी कोकोतील स्निग्धांश दाबयंत्राने वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि कोको बटर मोठ्या प्रमाणात उपलब्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेत आल्फ्रेड टेलर यांनी १८५२ च्या सुमारास त्याचा पुरस्कार केला. पुढील शतकभर कोको बटर म्हणजेच गुदवर्तीचा बेस, असे समीकरण राहिले.

कोको बटरचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील बहुतांश ट्रायग्लिसराइडे एकसारख्या घडणीची असतात. दोन्ही टोकांना पामिटिक किंवा स्टिअरिक ही संपृक्त मेदाम्ले आणि मध्ये ओलिक हे असंपृक्त मेदाम्ल, अशी त्यांची रचना असते. घटक एकसारखे असल्याने सारा पदार्थ जवळजवळ एकाच वेळी वितळतो. मेंढीच्या चरबीत जे साधत नाही ते येथे साधते.

एकच पदार्थ, चार रूपे

मात्र कोको बटर लहरी आहे. त्याचे रेणू घट्ट होताना वेगवेगळ्या पद्धतीने रचले जाऊ शकतात आणि प्रत्येक रचनेचा द्रवणांक निराळा असतो. औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकांत अशी चार रूपे सांगितली जातात. गॅमा रूप सुमारे १८ अंशांना, अल्फा सुमारे २२ ते २४ अंशांना, बीटा-प्राइम २८ ते ३१ अंशांना आणि स्थिर असे बीटा रूप ३४ ते ३५ अंशांना वितळते.

औषधकाराला हवे असते ते बीटा रूप. कोको बटर घाईने, जास्त आचेवर पूर्ण पातळ केले की या स्थिर रूपाचे सूक्ष्म स्फटिक नाहीसे होतात. मग ते थंड करताना अस्थिर रूपे तयार होतात. अशी वर्ती साच्यातून निघताना छान दिसते. पण खोलीच्या तापमानाला मऊ पडते आणि हातात धरताच ओघळू लागते. ती आपोआप स्थिर रूपात येण्यास काही दिवस लागतात. म्हणूनच ते मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात ठेवून, मलईसारखे दाट आणि किंचित धूसर होईल इतपतच वितळवावे, असा दंडक आहे. पूर्ण पारदर्शक झाले की मर्यादा ओलांडली असे समजावे. उत्तम चॉकलेट बनवणारा कारागीर 'टेंपरिंग' करताना जी काळजी घेतो, तीच ही काळजी.

दुसरी अडचण औषधांमुळे येते. फिनॉल, क्लोरल हायड्रेट, थायमॉल किंवा बाष्पनशील तेले मिसळली की कोको बटरचा द्रवणांक खाली येतो आणि वर्ती घट्टच होत नाही. अशा वेळी सुमारे चार टक्के मधमाश्यांचे मेण मिसळण्याची प्रथा आहे. मेण जास्त झाले तर उलट आपत्ती ओढवते. वर्ती शरीरात वितळतच नाही आणि औषध आतच अडकून राहते.

गणित चुकले तर मात्रा चुकते

साच्याच्या खाचेत किती ग्रॅम बेस मावतो हे ठरलेले असते. परंतु औषधाची घनता बेसपेक्षा वेगळी असते. म्हणून औषध मिसळल्यावर त्याच्या वजनाइतका बेस कमी करणे चुकीचे ठरते. येथे उपयोगी पडतो तो 'विस्थापन मूल्य' हा आकडा. किती ग्रॅम औषध एक ग्रॅम बेसची जागा घेते, ते त्यावरून कळते.

उदाहरण घ्यायचे तर पॅरासिटामॉलचे विस्थापन मूल्य सुमारे १.५ आहे. एक ग्रॅमच्या साच्यात प्रत्येकी २५० मिलिग्रॅम औषध असलेल्या दहा वर्ती करायच्या आहेत. औषध लागेल अडीच ग्रॅम. ते जागा घेईल अडीच भागिले दीड, म्हणजे सुमारे १.६७ ग्रॅम बेसची. म्हणून बेस घ्यायचा दहा वजा १.६७, म्हणजे ८.३३ ग्रॅम. कोणी हा विचार न करता दहा वजा अडीच, म्हणजे साडेसात ग्रॅमच बेस घेतला, तर साचे काठोकाठ भरताना जेमतेम नऊ वर्ती होतील आणि प्रत्येकीत औषध सुमारे २७३ मिलिग्रॅम जाईल. नऊ टक्क्यांची ही वाढ पॅरासिटामॉलच्या बाबतीत किरकोळ वाटेल. मात्र मात्रेची सुरक्षित मर्यादा अरुंद असलेल्या औषधात ती तशी राहत नाही. झिंक ऑक्साइडसारख्या जड भुकटीचे विस्थापन मूल्य पाचच्या जवळपास असते, हे पाहिले म्हणजे फरकाचा अंदाज येतो.

औषध सुटते कसे?

गुदाशयात द्रव फार थोडा, जेमतेम काही मिलिलिटर असतो. वर्ती वितळल्यावर औषधाला स्निग्ध पदार्थातून बाहेर पडून या थोड्याशा पाण्यात यावे लागते आणि तेथून अस्तरावाटे रक्तात शिरावे लागते. यातून औषधकारांचा एक सोपा नियम निघाला आहे : औषधाचा स्वभाव आणि बेसचा स्वभाव परस्परविरुद्ध असावा. पाण्यात विरघळणारे औषध स्निग्ध बेसमध्ये घातले तर ते तेथे रमत नाही, चटकन बाहेर पडते. तेलात विरघळणारे औषध मात्र स्निग्ध बेसलाच चिकटून राहते आणि हळूहळू सुटते. त्यामुळे एकच औषध क्षाराच्या रूपात वेगाने आणि मूळ रूपात संथपणे काम करते, असे चित्र दिसते.

या मार्गाचा आणखी एक फायदा सांगितला जातो. गुदाशयाच्या खालच्या व मधल्या भागातील रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते, तर वरच्या भागातील रक्त आधी यकृताकडे जाते. म्हणून वर्ती खालच्या भागात राहिली तर यकृतात नष्ट होणाऱ्या औषधाचा काही हिस्सा वाचतो. मात्र ती वर सरकली तर हा लाभ कमी होतो. शोषण व्यक्तीनुसार कमी-जास्त होते. त्यामुळे तोंडाने औषध घेणे शक्य असताना वर्तीला पहिली पसंती दिली जात नाही.

खोबरेल तेलापासून 'हार्ड फॅट'

कोको बटरच्या लहरीपणावर विसाव्या शतकात उद्योगाने उत्तर शोधले. खोबरेल तेल आणि पाम फळाच्या बियांचे तेल यांचे विघटन करून मेदाम्ले वेगळी काढायची, त्यातील हव्या त्या लांबीची निवडायची, हायड्रोजनच्या साह्याने ती संपृक्त करायची आणि पुन्हा ग्लिसरॉलशी जोडायची. यातून जे मिळते त्याला औषधसंहितांमध्ये 'हार्ड फॅट' म्हणतात. विटेप्सॉल आणि सपोसायर ही त्याची व्यापारी नावे औषधनिर्माण क्षेत्रात परिचित आहेत. उगम वनस्पतीचा, घडण कारखान्यातली, म्हणून याला अर्धसंश्लेषित म्हणावयाचे.

फायदे उघड आहेत. आयोडिन मूल्य हा असंपृक्ततेचा मापदंड. कोको बटरचे हे मूल्य ३५ च्या आसपास असते, तर युरोपीय फार्माकोपियानुसार हार्ड फॅटचे ते ३ पेक्षा जास्त नसावे लागते. म्हणजे हवेतील ऑक्सिजनने खवट होण्याची भीती फार कमी. जास्त तापवले तरी द्रवणांक ढळण्याचा धोका कमी. शिवाय वेगवेगळ्या द्रवणांकाच्या प्रती उपलब्ध असल्याने मूळ औषधाला आणि देशाच्या हवामानाला साजेशी प्रत निवडता येते. उणीव एवढीच की फार वेगाने थंड केल्यास वर्तीला तडे जातात आणि दीर्घ साठवणीत ती अधिक कडक होऊन उशिरा वितळू लागते.

किमतीचा मुद्दाही आहेच. पश्चिम आफ्रिकेतील पिकाच्या हलाखीमुळे २०२४ मध्ये कोकोच्या बियांचा भाव जागतिक बाजारात प्रथमच टनाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. चॉकलेट उद्योगाशी स्पर्धा करून कोको बटर विकत घेणे औषध कंपन्यांना परवडण्याजोगे नाही. आज मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या स्निग्ध वर्तींत हार्ड फॅटचेच प्राबल्य आहे.

स्निग्ध नसलेले बेसही आहेत. मॅक्रोगोल, अर्थात पॉलिइथिलीन ग्लायकॉल, वितळत नाही, तर द्रवात विरघळते. त्यामुळे ते उन्हाळ्याला दाद देत नाही. मात्र ते अस्तरातील पाणी ओढून घेते व चुरचुर होते, म्हणून ती वर्ती आधी पाण्यात बुडवून घ्यावी लागते. ब्रिटिश पद्धतीच्या ग्लिसरीन वर्तीत सत्तर टक्के ग्लिसरीन आणि चौदा टक्के जिलेटीन असते. अमेरिकन पद्धतीत जिलेटीनऐवजी सोडिअम स्टिअरेट, म्हणजे एक प्रकारचा साबणच, ग्लिसरीनला घट्ट करतो.

कोकणातला पर्याय

ज्या गुणांसाठी जग कोको बटरकडे वळले, त्यांच्या जवळ जाणारा एक पदार्थ कोकणच्या घराघरांत आहे. रातांब्याच्या सालीची आमसुले केली जातात आणि बियांपासून तेल काढले जाते. वाळवलेल्या बिया कुटून पाण्यात उकळायच्या आणि वर येणारा तवंग गोळा करून थंड होऊ द्यायचा, ही पारंपरिक रीत. थंड झालेले तेल मेणासारखे घट्ट होते. मुठीने त्याचे गोळे वळतात म्हणून त्याला 'मुठेल' म्हणतात. 'भिरंडेल' हेही त्याचेच नाव. थंडीत पायांच्या भेगांवर ते ऊन करून चोळण्याची पद्धत आजही टिकून आहे. मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहिलेले विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनौषधींवरील ग्रंथात या तेलाची दखल घेतली आहे.

कोकमतेलात स्टिअरिक-ओलिक-स्टिअरिक या घडणीच्या ट्रायग्लिसराइडांचे प्राबल्य असते. घटक एकसारखे असल्याने तेही ठरावीक टप्प्यात वितळते. मात्र त्याचा द्रवणांक सुमारे ३८ ते ४२ अंश, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा किंचित जास्त आहे. एकट्या कोकमतेलाची वर्ती म्हणून उशिरा वितळेल. उलट कोको बटर किंवा एखादे मऊ तेल त्यात योग्य प्रमाणात मिसळले, तर उष्ण प्रदेशासाठी सोयीचा बेस मिळू शकतो. भारतीय औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी कोकम, साल, मोह आणि आंब्याची कोय यांतील स्निग्धांशावर या दृष्टीने प्रयोग केले आहेत. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज मर्यादित प्रमाणात वापरण्यास युरोपीय संघाने २००० मधील निर्देशानुसार ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना मान्यता दिली, त्यांत कोकम, साल आणि आंब्याची कोय हे तीन आहेत, ही बाब या पदार्थांचे कोको बटरशी असलेले साम्य दाखवते.

प्रयोगशाळेपासून औषधाच्या दुकानापर्यंतचा प्रवास मात्र लांबचा आहे. झाड, माती, हंगाम आणि तेल काढण्याची रीत यांनुसार नैसर्गिक तेलाचे गुण बदलतात. औषधाला हवी असते ती दर खेपेला तीच प्रत. घरगुती मुठेल भेगांना चालते. औषधी वर्तीसाठी मुक्त मेदाम्ले, आर्द्रता, जंतू आणि धातूंचे अंश यांच्या चाचण्यांतून ते शुद्ध व्हावे लागते.

उगमाचा प्रश्न

चरबीच्या उगमाबद्दलची भारतीय संवेदनशीलता १८५७ च्या काडतुसांपासून इतिहासाला ठाऊक आहे. औषधाच्या बाबतीतही ती अप्रस्तुत नाही. जिलेटीन हाडे व कातडी यांपासून मिळते. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्य तेलापासूनही मिळते आणि गुरांच्या चरबीपासूनही. अंतिम पदार्थ रासायनिकदृष्ट्या सारखाच असतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाकाहारी-मांसाहारी चिन्हाची सोय औषधांच्या बाबतीत रुग्णाला मिळत नाही. ज्यांना याबाबत आक्षेप असेल, त्यांनी डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला आधीच विचारणे हिताचे. कोको बटर आणि खोबरेल वा पाम तेलापासून बनलेले हार्ड फॅट हे पर्याय अशा वेळी उपयोगी पडतात.

या प्रश्नाला आरोग्याची बाजूही आहे. गुरांमधील 'मॅड काउ' आजाराचा माणसातील मेंदूच्या विकाराशी संबंध असल्याचे ब्रिटनने १९९६ मध्ये जाहीर केले. त्यानंतर युरोपातील नियामकांनी गोवंशीय उगमाच्या औषधी द्रव्यांसाठी कडक नियम केले आणि अनेक उत्पादक वनस्पतिजन्य कच्च्या मालाकडे वळले.

उन्हाळ्याची कसोटी

युरोपातील पुस्तके खोलीचे तापमान वीस-पंचवीस अंश गृहीत धरतात. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. कोको बटरचीच काय, हार्ड फॅटची वर्तीही तेथे बंद खोलीत पातळ होईल. वितळलेली वर्ती फ्रीजमध्ये पुन्हा घट्ट झाली तरी ती पूर्ववत होतेच असे नाही. बेस पातळ असताना औषधाचे जड कण तळाशी बसतात आणि एका टोकाला जास्त, दुसऱ्याला कमी अशी विभागणी होते. लहान मुलाला अर्धी वर्ती कापून दिली जात असेल तर हा धोका आणखी वाढतो.

जागतिक पातळीवर हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. गंभीर मलेरिया झालेल्या सहा वर्षांखालील मुलांना रुग्णालयात पोचेपर्यंत आर्टेसुनेटची १०० मिलिग्रॅमची गुदमार्गे देण्याची मात्रा उपयोगी पडते. अशा पहिल्या उत्पादनाला, मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या वर्तीला, जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वअर्हता २०१८ मध्ये मिळाली. ज्या खेड्यांत हे औषध ठेवायचे तेथे वीज नाही आणि ऊन मात्र भरपूर, अशी परिस्थिती असते. त्यामुळे बेसचा द्रवणांक हा केवळ प्रयोगशाळेतला आकडा राहत नाही. मात्र ही वर्ती म्हणजे पूर्ण उपचार नव्हे, ती दिल्यावर मुलाला पुढील उपचारांसाठी रुग्णालयात नेलेच पाहिजे, हेही तितकेच महत्त्वाचे. पुढील उपचारांची साखळी तुटलेली असेल तर अपेक्षित लाभ मिळत नाही, हे लक्षात आल्यावर संघटनेने २०२२ मध्ये या वापराच्या विस्ताराबाबत सावधगिरीची सूचना दिली होती.

घरगुती प्रयोग नकोत

तान्ह्या बाळाला शौचास होत नसेल तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेल तेलात बुडवून लावण्याची किंवा साबणाची बारीक वडी वापरण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत होती. साबण अल्कधर्मी असल्याने नाजूक अस्तराची आग होते, देठाने इजा होऊ शकते. बालरोगतज्ज्ञ म्हणूनच या प्रकारांपासून दूर राहण्यास सांगतात. खोबरेल तेल गोठवून घरीच वर्ती करण्याचे सल्लेही अलीकडे दिले जातात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना वितळते. म्हणजे फ्रीजमधून काढल्यापासून काही मिनिटांतच ती हातात पाणी होणार. त्यात औषध कुटून घालणे तर अधिकच धोक्याचे, कारण मात्रेचे गणित घरच्या चमच्याने सुटत नाही.

वापरताना एवढे लक्षात ठेवा

* वेष्टनावर लिहिलेल्या तापमानाखालीच वर्ती साठवा. उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा खिडकीजवळ ती ठेवू नका.
* वर्ती मऊ वाटली तर वेष्टन न काढता काही मिनिटे थंड पाण्यात धरा. ती पूर्ण वितळून पुन्हा गोठली असेल तर वापरण्यापूर्वी औषधविक्रेत्याला विचारा.
* वेष्टन पूर्णपणे काढूनच वर्ती वापरा. प्लॅस्टिक वा धातूच्या पातळ पत्र्यासह ती आत घातल्याने इजा होऊ शकते.
* शक्यतो शौचास जाऊन आल्यावर, डाव्या कुशीवर झोपून वर्ती घ्यावी आणि त्यानंतर काही वेळ पडून राहावे. मलावरोधासाठी दिलेली वर्ती याला अपवाद आहे.
* मॅक्रोगोल असलेली वर्ती आधी पाण्याने ओली करावी. स्निग्ध वर्तीला तशी गरज नसते.
* तेच औषध तोंडानेही सुरू असेल तर दोन्ही मात्रांची बेरीज होते. तापाच्या औषधाबाबत ही चूक सहज घडते.
* गुदद्वारातून रक्त जात असेल, तीव्र पोटदुखी असेल किंवा नुकतीच त्या भागाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वर्ती वापरू नये.